यंदाही प्रॉम्प्टिंगच

देवरावदादा,

तुले नमस्कार लिहायची इच्छा नाही, तरी लिहून राहिली.

अकोल्याच्या आपल्या कॉलनीत गणपतीच्या नाटकाले बावीस वर्षं म्या विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. यंदा पहिल्यांदा आईच्या रोलसाठी ऑडिशन देली. वही हातात न घेता तिन्ही अंक बोलून दाखवले. अन् दिग्दर्शक तू, सगळ्यांसमोर हासून म्हनला, "पौर्णे, तू स्टेजवर गेली तं तुया वहिनीले वाक्यं कोन सांगन?"

म्हंजे रोल वहिनीले! देऊन मोकळा झाला अन् चार दिवसांच्या कामाले अमरावतीले निघून गेला.

बसीन मी विंगेत. पन यंदा कुजबुजनार नाही. शेवटच्या रांगेले ऐकू जाईन, असं पयल्या वाक्यापासून बोलीन.

हे पत्र टाकत नाही. सगळं नाटकातच ऐकजो.

विंगेतली तुयी बहीन,
पौर्णिमा