माझी बाजू वाढली, त्याची नाही

मी, वय एकोणऐंशी, निवृत्त लाकूड ठेकेदार, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगी दाराबाहेर उभी आहे, पण कडी आतून आहे. आधीची चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे थंड डोक्याने रागावून लिहिले आहे.

१. वडिलांनी मला आणि धाकट्या भावाला घनदाट जंगलाचे दोन सारखे तुकडे दिले. मध्ये ओढा. मी माझ्याकडची मोठी झाडे दोन वर्षांत तोडली आणि चालता झालो. धाकट्याने त्याची बाजू जाळली, बुंधे मुळासकट उपटले, बारा वर्षे नांगर फिरवला, मग गुरे सोडली. आज माझ्याकडे तीन मजली उंच झाडी आहे, त्याच्याकडे कमरेएवढे गवत. यावरून मी त्याला एकतीस वर्षे टोमणे मारले. त्याच्या मुलीच्या लग्नातही मारले.

२. माझी बाजू जावयाला द्यावी. तोडलेल्या बुंध्यांना आपोआप फुटवे येतात. तिथे काहीही न करणे हेच काम आहे. जावयाने आयुष्यात कशालाच हात लावलेला नाही. इतका लायक माणूस शोधून सापडणार नाही.

३. घर मुलीला. तिला जंगलात जाऊ देऊ नये, ती आवराआवर करील.

४. यंत्रकरवत वकिलांना. त्यांनी या कागदातली निम्मी वाक्ये छाटायला काढली होती.

५. गेल्या वर्षी जंगल मोजणाऱ्या बाई टेप घेऊन आल्या. मी छाती फुगवून उभा. त्या म्हणाल्या, "काका, झाडी दाट आहे, पण मोठ्या बियांच्या जुन्या जातीचं एकही झाड नाही. बी धरणारी झाडं तुम्हीच तोडलीत, आणि त्या जातीच्या बुंध्याला फुटवा येत नाही. ती असती तर पाखरांनी बी ओढ्यापलीकडेही नेलं असतं." म्हणजे धाकट्याचे निम्मे गवत माझे आहे. हे त्याला सांगायची मला लाज वाटते.

६. त्याला काहीतरी द्यावे असे फार मनात होते. पण दुसरा साक्षीदार म्हणून तोच मिळाला, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणतात. मात्र मृतदेह ही मालमत्ता नव्हे, असेही तेच म्हणाले. तरी मला ओढ्यापलीकडे त्याच्या गवतात पुरावे. तिथल्या मातीचा कस गेला आहे आणि मी चांगला शहाऐंशी किलोंचा आहे. वर त्या जुन्या जातीचे रोप लावावे. पाणी घालावे लागेल. तिथे आपोआप काही येत नाही. धाकट्याची परवानगी घेतलेली नाही.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: तीन मार्च.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार एक: वकिलांच्या टंकलेखिका. (सही)

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ. (सही) मजकूर वाचू नये असं सांगितलं होतं, मी वाचला. दादा शुद्धीवर आहे, एवढ्यापुरतीच ही सही. बाकी काही मान्य नाही. माझ्या गवतात यायचं तर जिवंत ये. रविवारी सकाळी. रोप मी आणतो, खड्डा तू खण.