सर्व्हेअर जेवायला बसला

२८ एप्रिल
तीस हजार! तीस हजार दिनारात हल्ली धड सायकल येत नाही. विमा कंपनी म्हणते, बेचाळीस वर्षांची झास्तावा गाडी, दुरुस्ती किमतीहून महाग, म्हणजे गाडी संपली. संपली कशी? मी अजून पुढच्या सीटवर झोपते!

बाजारात उभी होती बिचारी. बिअरच्या ट्रकवाल्याने रिव्हर्स घेतला आणि डिकी मागच्या सीटवर आणून ठेवली. चूक त्याची, पैसे त्याच्या विमा कंपनीने द्यायचे, इथवर सगळ्यांना मान्य. भांडण किमतीचं. जूनमध्ये समुद्राकडे निघायचंय मला. गाडी नसेल तर मी नुसतीच मिलिसावकाकांकडे फुकट जेवणारी पुतणी.

३० एप्रिल
कंपनीची बाई फोनवर म्हणाली, तसल्याच गाडीचे भाव दाखवा. म्हणून तसल्या गाड्या शोधत गावोगाव हिंडले. पहिला म्हणाला, "विकायची नाही." दुसऱ्या बाईच्या गाडीत कोंबड्या बसलेल्या. "विकली तर ह्यांनी कुठे जायचं गं?" तिसऱ्याने चीज आणि कांदा पुढे ठेवला, दोन तास गप्पा मारल्या, आणि विकायची नाहीच. भाव एकाचाही मिळाला नाही. वाटेत विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं — पिल्लं होती! दिवस झकास गेला.

२ मे
नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर येणार. "आठवड्याभरात, कधीही."

५ मे
घरात साफसफाई. आठ तारखेला आमची स्लावा, घराण्याच्या संत मार्कोचा दिवस. काका मेणबत्ती पुसत होते. मूलबाळ नाही त्यांना, आणि स्लावा घरातल्याच कुणीतरी पुढे चालवायची असते. मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वर्षी असशील ना इथे?"
मी म्हटलं, "बघू." आणि शेजारची बकरी व्यायलीय ती बघायला गेले.

८ मे
काय दिवस! अजून हसू येतंय.

स्लावाला कुणाला बोलावत नाहीत. दारात येईल तो पाहुणा, आणि पाहुण्याला कशासाठी आलात विचारायचं नसतं. मी शेजारून खुर्च्या घेऊन आले, तर टेबलाशी एक लुकडा माणूस, मांडीवर फाइल, पुढ्यात मटणाची तिसरी ताटली.

"हे कोण?" मी काकूला हळूच विचारलं.
"असेल कुणीतरी तुझ्या काकांचा. गप गं, ऐकू जाईल!"

तो बिचारा मधूनमधून म्हणे, "मी खरं तर गाडीच्या—"
"आधी खा!" काका. राकिया ओतली, घरची फळांची दारू. "गाडी? पिवळी? अहो, तीन नवऱ्या मुली त्या गाडीतून सासरी गेल्या! एकदा वासरू आणलंय! डावं दार बघितलंत? ते नव्याण्णव साली मी आलुबुखाराच्या झाडावर घातलं!"

माझ्या हातातली खुर्ची पडली. डावं दार मी अर्जात ट्रकच्या नावावर लिहून दिलं होतं. चेपलेलं दिसलं ते सगळंच लिहिलं — गाडी तेव्हा काकांची, मला काय माहीत झाडाचं!

तो उठला. मेणबत्तीपुढे क्रूसाची खूण केली, काकूचा हात हातात घेतला. मग मला म्हणाला, "मी तिहोमिर. विमा कंपनीतून." काकांचा चेहरा! पण लगेच सावरून म्हणाले, "मग काय झालं? केक राहिलाय तुमचा."
गाडीकडे न बघताच गेला.

९ मे
काका स्वतःवरच चिडलेत. "माझ्या जिभेला हाड नाही" एवढंच दोनदा.

११ मे
तिहोमिरचा फोन! "तुमच्या घरचं अन्न खाल्लंय, आता ही केस माझ्याने होणार नाही. दुसरी बाई येईल. पण पाहुणा म्हणून सांगतो: दार अर्जातून काढ. इंजिन नवीन बसवलंय म्हणे काकांनी, त्याची पावती जोड. आणि मोडकी गाडी आमच्याकडेच राहू द्या म्हण, भंगाराचे फारसे पैसे कापत नाहीत. पहिल्या आकड्यावर सही करायची नाही."
"आणि झाडाचं?"
"ते मी जेवताना ऐकलं. आठवत नाही बुवा."

१९ मे
दुसरी सर्व्हेअर आली. कडक. कॉफीसुद्धा घेतली नाही. गाडीखाली मात्र स्वतः आडवी होऊन शिरली. बाहेर आली ती जरा नरम. "पत्रा गंजलेला नाही." पंचावन्न म्हणाली. मी म्हटलं, नाही. पासष्ट. नाही! बहात्तर हजार, आणि गाडी आमच्याचकडे. सही केली.
काकांनी परसात जाऊन शिट्टी वाजवली. त्यांना शिट्टी येते हेच मला माहीत नव्हतं.

७ जून
डिकी जागेवर. रंग जरा वेगळा पिवळा आलाय, चालेल. दार तसंच चेपलेलं, काका हातसुद्धा लावू देत नाहीत. उद्या निघणार.

८ जून
गाडीत सामान भरताना तिहोमिरचा फोन. पैसे मिळाले का विचारलं. मग अडखळत म्हणाला, "पुढच्या स्लावाला यावं म्हणतो. तोवर काका थकले असतील तर... कुणाकडे यायचं?"

काका खिडकीत उभे होते. ऐकत नसल्यासारखे.

मी म्हटलं, "माझ्याकडे."