माझ्या तोंडाकडे बघून सोडवलेली गणितं

आई, तुझी नात प्रिलिममध्ये गणितात नापास झाली. मी दिवसभर शाळेत गणित शिकवते, संध्याकाळी डोकमर्डीच्या क्लासात पुन्हा तेच, आणि माझ्याच मुलीच्या पेपरवर लाल रेघा. स्टाफरूममध्ये कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण न बोललेलंही ऐकू येतं. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. हा विषय राहिला तर तिने मनात धरलेल्या डिप्लोमाचं नावच सोडायचं. मी आता खरंच दमले आहे गं.

गंमत म्हणजे माझ्यासमोर बसली की तिचं एकही गणित चुकत नाही. काल मी वैतागून विचारलं, "मग पेपरात होतं तरी काय तुला?" तर म्हणते कशी, "मम्मी, सच बोलू? घरी मी गणित करतच नाय. तुझा फेस बघते. मी प्लस लिहिलं आणि तुझ्या भुवया वर गेल्या, की मायनस करते. तिकडे कोणाचा फेस बघू?" मला हसावं की रडावं कळेना. आणि एकदम तू आठवलीस.

टोकरखाड्याचं आपलं सरकारी क्वार्टर. तू शाळेत शिकवून आल्या आल्या साडीचा पदर खोचून ओट्याशी कणीक मळते आहेस आणि मी खाली फतकल मारून अपूर्णांक सोडवते आहे. मी मान वर करून तुझ्याकडे बघते. "माझ्याकडे काय बघतेस? उत्तर माझ्या तोंडावर लिहिलंय?" असं म्हणून तू पाठ फिरवतेस ती फिरवतेसच. मी कितीदा तरी विचारते, बरोबर आहे का गं, आणि तुझं पाठमोरं एकच, "ताळा कर." उत्तर गणितात परत घालून बघायचं, जुळलं तर बरोबर, त्यात आईचं काय काम! फार राग यायचा तुझा. शेजारच्या काकू मुलाशेजारी बसून त्याला एकेक पायरी समजावायच्या, आणि माझ्या वाट्याला तुझी पाठ. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर मात्र मी ज्याला त्याला अभिमानाने सांगत सुटले, की माझ्या आईची ती शिकवण्याची पद्धत होती.

आज संध्याकाळी क्लासातून येऊन मी भांडी घासत होते. ही मागे टेबलाशी. आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा तीनने जास्त, परिमिती छत्तीस. आठवीतलं सोपं गणित. "मम्मी, रुंदी अकरा, लांबी पंचवीस. बरोबर ना?" मी वळले नाही. म्हटलं, "ताळा कर." "तू बघ तरी एकदा!" मी भांडी विसळत राहिले. मग तिची कुरकुर, "बहात्तर येतंय. छत्तीस पाहिजे. डबल कसं झालं?" पेन आपटल्याचा आवाज आला. "तुला माझं काही पडलंच नाय, मम्मी!" हे वाक्य मी तुला कधी मोठ्याने म्हणाले नव्हते, एवढाच फरक. बराच वेळ नुसती खरडण्याची खरखर. मग, "अरे, परिमिती काढताना बेरजेला दोनने गुणलंच नाय मी! पाच आणि तेरा." या वेळी बरोबर ना, असं तिने विचारलं नाही. पुढचं गणित घेतलं.

तिला वाटत असेल मम्मीने काहीतरी युक्ती केली. तू आता नाहीस, हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला खरं सांगते. युक्तीबिक्ती काही नव्हती. मला वळायचंसुद्धा त्राण नव्हतं. अकरा आणि पंचवीस चुकलंय, हे मलाही तिने ताळा केल्यावरच कळलं. तुझंही तसंच होतं का गं? पद्धत वगैरे काही नाही, तू नुसती दमलेली असायचीस? तसं असेल तर आई, तेव्हा वही बाजूला ठेवून मी तुला "तू जरा बस" म्हणायला हवं होतं. मला ते एकदाही सुचलं नाही.