उजेड नको

दि. ९ ऑगस्ट

चि. चष्मिस,
अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिले गेले, आता खोडत नाही.

आमचे मास्तर कविता म्हणून घेताना टेबलावर पट्टीने ताल धरत. टक्, टक्, टक्. जन्म सरत आला, तरी तो आवाज कानात आहे. नातवाला मांडीवर घेऊन त्याच तालात मी कविता शिकवल्या. असो.

तुझ्यावर मी भयंकर चिडलोय. तुझ्याच खोलीत राहणाऱ्या माझ्या नातवाला ताप, डोकं फुटतंय, उलट्या होतायत. "उजेड नको" म्हणाला, तर तू दिवा मालवून, पडदे ओढून, "झोप गड्या, व्हायरल असेल" म्हणत जेवायला गेलास! माया केलीस, कबूल. पण त्या अंधारात पोटावरचे जांभळे ठिपके कुणाला दिसणार होते? शेजारच्या खोलीतल्या पोराने दिवा लावला, काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबून बघितला. ते फिके पडेनात, तेव्हा तसाच उचलून हॉस्पिटलात नेला. "ठिपक्यांची तरी वाट कशाला बघायची? ताप, ताठ मान, उजेड सोसत नाही, एवढं पुरे होतं!" असं डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं. जसा काही मीच तिथे होतो!

आणि ती मेंदूज्वराची लस! वसतिगृहात जाण्याआधी घ्या म्हणून कानीकपाळी ओरडलो. "आजोबा, दंड दुखतो हो!" म्हणून दोघे खिदळलात.

तो वाचला. काल उशाशी बसून त्याची आवडती कविता म्हटली. तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग मी मागे जाऊन टेबलावर ताल धरला. जोरात. नर्स धावत आली. त्याने मान वळवली नाही.

रडायचं ते नंतर रड, मूर्खा. ते जंतू तुझ्याही घशात असतील. एकाच बाटलीने पाणी प्यायचात ना? बाकीच्या पोरांनी लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या. तू मात्र तोंड लपवून घरी पळालास, डॉक्टरांचा फोन उचलत नाहीस, माझाही नाही. म्हणून हे पत्र तुमच्याकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. आजच्या आज गोळ्या

थांब, दार वाजतंय.

तुझी आई आलीय. हातात तुझ्या कपड्यांची पिशवी. "आहे ना तो इथं? मित्राच्या आजोबांकडे राहतोय म्हणाला फोनवर."

म्हणजे तू घरीही नाहीस!

तिला पाणी देतो आणि तिच्याच फोनवरून तुला लावतो. आईचं नाव बघून उचलशील, आवाज माझा येईल. पुढच्या शिव्या तोंडीच ऐक.

त्याचा, आणि नाइलाजाने तुझाही,
आजोबा