वरच्या मजल्यावरून येणाऱ्या टोल्यांबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
नगरपालिका कार्यालय

विषय : घरातील पाण्याचा पाइप वाजणे, थरथरणे व त्यापायी वरचे बिऱ्हाड हलण्याची वेळ येणे.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवर आपल्या कार्यालयाचे "योग्य ती कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर पती व सासऱ्यांसह राहते. वर थोरले दीर व जाऊबाई राहतात. दोन्ही स्वयंपाकघरांतून एकच पाइप भिंतीबाहेरून उघडा गेलेला आहे. वरचा नळ बंद झाला की पाइपात आधी घरघर होते आणि मग धाडधाड टोले बसतात. फळीवरचे पेले सरकत सरकत कडेला येतात. सासऱ्यांची कवळी वाटीत आपोआप कडकडते, त्यामुळे कोणीतरी आपल्याला चिडवते आहे असा त्यांचा ग्रह झाला आहे.

२. घरगुती उपाय करून झाले. पाइपाला जुना स्वेटर गुंडाळला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे खोचले, आतली हवा जावी म्हणून सगळे नळ सोडून ठेवले. स्वयंपाकघरात तळे झाले, आवाज होता तसाच राहिला. "होईल सवय," असे यजमानांचे मत पडले. यजमान दिवसभर घराबाहेर असतात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

३. आता मूळ गोष्ट, जी आधीच्या अर्जांत लिहिण्याचे मी टाळले. चहा झाला की जाऊबाई या पाइपावर चमच्याने टकटक करीत आणि मी हातातले काम टाकून वर जात असे. मी या घरात आले तेव्हापासूनचा आमचा हा शिरस्ता. मध्यंतरी त्यांच्या ओल्या चादरीचे पाणी माझ्या वाळत घातलेल्या गादीवर गळले. मला राग आला, त्यांनाही आला, आणि अबोला सुरू झाला.

४. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाइप पहिल्यांदा वाजला. तेव्हा आवाज आजच्याइतका दणदणीत नव्हता. मला वाटले, जाऊबाईंनी चहाला बोलावले. मी केस नीट केले, बिस्किटांचा पुडा घेतला आणि वर गेले. दार उघडले, पण चहाचा पत्ता नाही आणि "तुझं काय काम?" असा चेहरा. मी पुड्यासकट खाली आले. पुन्हा टोले पडले, तेव्हा हे मला खिजवण्यासाठीच चालले आहे अशी माझी खात्री पटली व मी लाटण्याने उत्तर दिले. (जावेविरुद्ध अर्ज घेणारा विभाग नसल्याने आपल्याकडे तक्रार मात्र पाइपाच्या नावाने केली.) वरून बत्त्याने प्रत्युत्तर आले. पुढचे वर्णन माझ्या वयाला शोभणारे नाही. दोघे भाऊ या काळात रोज एकत्र कामावर जात होते व या प्रकरणी दोघांनीही कानांवर हात ठेवले होते.

५. गेल्या आठवड्यात आपले फिटर आले. त्यांनी मला खाली पाइपाला हात लावून उभे केले आणि वर जाऊन नळ उघडून झटकन बंद केला. टोला बसला. जाऊबाई त्या वेळी फिटरना घर उघडून देऊन बाजारात गेल्या होत्या; त्यांना जाताना मी स्वतः खिडकीतून पाहिले होते. पाण्याचा दाब जास्त, नळाचा वॉशर झिजलेला आणि पाइप धरून ठेवणारे क्लॅम्प ढिले, असे फिटरचे निदान. म्हणजे इतके दिवस मी एका वॉशरशी भांडत होते. जाता जाता ते सहज सांगून गेले, की खालच्या बाईच्या ठोकाठोकीला कंटाळून वरच्यांनी दुसरे घर बघायला घेतले आहे. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जाऊबाईंशिवाय हे घर मला खायला उठेल.

६. सबब विनंती की,
(अ) दाब कमी करून वॉशर बदलावा व क्लॅम्प आवळावेत.
(ब) दोष पाइपाचा आहे, धाकट्या जावेचा नाही (निदान सुरुवात तिने केलेली नाही), असे शिक्क्याचे पत्र जाऊबाईंना द्यावे. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसणार नाही, शिक्क्यावर बसतो.
(क) फिटरनी सुचवल्याप्रमाणे पाइप भिंतीत गाडायचा झाल्यास माझी हरकत नाही.

पाणी बंद करून काम करण्यास दोन्ही मजल्यांची संमती लागते, असा आपला नियम आहे. त्यामुळे हा अर्ज सहीसाठी सासऱ्यांच्या हाती वर पाठवत आहे. स्वतः जाण्याचा धीर होत नाही.

कळावे, व शक्य तर लवकर कळावे.

आपली नम्र व आवाजाने बेजार,
(सही)
खालच्या मजल्यावरील धाकटी सून

दिनांक : आपल्या आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : लाटणे, एक (पुराव्यादाखल; वरची सही होऊन आल्यावर जोडीन; काम झाल्यावर परत मिळावे).

वरच्या मजल्याचा शेरा :
अर्ज वाचला. बत्ता मी फक्त उत्तरादाखल वापरला, याची नोंद घ्यावी. (अ) ला संमती आहे. (ब) ची गरज उरलेली नाही. घर बघणे थांबवले आहे. (क) ला सक्त हरकत आहे. पाइप भिंतीत गाडला तर मी चमचा कशावर वाजवू? अर्जदाराने हा कागद न्यायला स्वतः वर यावे, चहा टाकला आहे. येताना बिस्किटांचा पुडा आणावा. लाटणे आणू नये.
(सही)
थोरली जाऊ