बोट कुणासाठी थांबत नाही

अण्णा, उद्या दुपारी आपल्या घरी पुन्हा बैठक आहे. सतरंज्या झटकून ठेवल्यात, मायनं चहाचं मोठं पातेलं घासून पालथं घातलंय. वीस-बावीस माणसं येतील, कुणी आखाडा बाळापूरहून, कुणी नरसीहून, आणि मी त्यांना बोटीच्या प्रवासाची शिकवणी देईन. निघण्याआधी काय करायचं, बोटीवर काय, उतरल्यावर काय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही असताना मी देवदर्शनाच्या गाड्या काढायचं म्हटलं, तर तुम्ही हसला होतात. आता मी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीवर लोकांना नेते. ज्यांनी इसापूरच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही त्यांना सात मजली बोटीत चढवायचं आणि सगळेच्या सगळे घरी परत आणायचे, हा माझा धंदा आहे. हसायचं तर हसा.

पहिल्या खेपेला मीच अडाणी होते. बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या थेट संध्याकाळी खोलीत येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका काकूंच्या साखरेच्या गोळ्या बॅगेत आणि बॅग कुठल्या मजल्यावर कुणास ठाऊक. तेव्हापासून मी दटावून सांगते, गोळ्या, चष्मा, तिकीट, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे खांद्याच्या पिशवीत ठेवायचे आणि ती पिशवी कुणाच्या हातात द्यायची नाही, जावयाच्यासुद्धा नाही. तिकिटावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव एकच पाहिजे. आपल्याकडं मतदान कार्डावर एक नाव असतं, रेशन कार्डावर दुसरं आणि गावात तिसरंच. अडकित्ता घरी ठेवून सुपारी कातरून आणायची, कारण तपासणीत अडकित्ता काढून घेतात आणि मग माणूस तीन दिवस तोंड पाडून बसतो. खोली खालच्या मजल्यावरची आणि मधली मागायची, तिथं बोट कमी हलते. मळमळलं तर डोळे मिटून पडून राहायचं नाही, वर मोकळ्यावर यायचं, पाणी आणि आभाळ मिळतं तिथं नजर लावायची आणि आलेपाक चघळायचा. भोंगा वाजला की तरंगायची जाकिटं घेऊन सांगितलेल्या जागी जायचं. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून लोळत पडणाऱ्याला मी हाताला धरून बाहेर काढते. शेवटच्या संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा त्यात सगळेच कपडे भरायचे नाहीत. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं भरले. सकाळी मुंबईच्या धक्क्यावर तो लुंगी-बनियनवर उतरला, गळ्यात सोन्याची साखळी तेवढी होती. आणि उतरल्यावर दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, हे घरी जाऊन मोटारसायकलला किक मारण्याआधी आठवायचं.

सगळ्यात मोठा नियम मी शेवटी सांगते आणि तेव्हा माझा आवाज तुमच्यासारखा होतो, असं माय म्हणते. गोव्यात बोट काही तास उभी असते. लोक खाली उतरून देऊळ, बाजार करून येतात. घड्याळ बोटीच्या घड्याळाशी लावायचं आणि सुटायच्या तासभर आधी परत यायचं. बोट कुणासाठी थांबत नाही आणि मीही थांबणार नाही, मागं माझी माय राहिली तरी. हे शेवटचं मी पहिल्यांदा नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. माय समोरच बसली होती. तिनं मान हलवली, जसं काही तिलाच विचारलं होतं.

जवळा बाजारचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी आठवीत होते, तुम्ही हिंगोली-परभणी गाडीवर कंडक्टर, आणि मामाच्या घरी जायचं म्हणून मी तुमच्याच गाडीत बसलेली. आठवडी बाजार होता. तुम्ही सांगितलं होतं, धा मिनिटं, जास्त न्हाई. मी पेरूवाल्यापाशी उभी आहे, तो पेरू कापून तिखटमीठ लावतोय, आणि मागं गाडी घरघरते. वळून बघते तर तुम्ही दारात. तुम्ही मला पाहिलंत, मीही तुम्हाला पाहिलं. हातानं तुम्ही मला खूण केलीत, तिथंच थांब, आणि दोरी ओढून दोन घंट्या दिल्यात. गाडी गेली. मी स्टँडच्या बाकावर तीन तास बसले आणि पेरू कुत्र्याला टाकला. परतीच्या फेरीला मला गाडीत घेतलंत तेव्हा मी रडत होते. तुम्ही म्हणालात, “गाडी माही न्हाई, पाशिंजरची हाय. पन्नास माणसं तुह्या पेरूसाठी थांबवू काय? अन् मागं राहिलं तर जागा सोडायची न्हाई, येवढं ध्यानात ठेव.” माय दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मी तर मनात कितीतरी वर्षं बोलले नाही. मला तुमचा राग होता, अण्णा, खराखुरा राग होता.

मायला मी दोन वर्षांपूर्वी बोटीवर नेलं. बावीस माणसं आणि तेविसावी ती. तिला बोट आवडली. सगळ्यांची हाल-हवाल विचारत फिरायची, जाकीट तिनं सगळ्यांच्या आधी घातलं. गोव्यात उतरून आम्ही बाजारात गेलो आणि भाड्याच्या गाडीनं बंदरावर परत आलो. सगळ्यांची बोटीची कार्डं मीच सांभाळत होते, जिन्यापाशी प्रत्येकाचं तपासून वर सोडत होते. बावीस माणसं वर गेली आणि माझ्या हातात एक कार्ड उरलं. मी गाडीत जाऊन पाहिलं, धक्क्यावर हाका मारल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर होता, बाजारातल्या एका दुकानदाराचा.

“मी हितंच हाय,” माय म्हणाली, “गाडी लागली व्हती तिथंच. जागा सोडली न्हाई.”

बाजार तासाभराच्या अंतरावर होता आणि बोट सुटायला अर्धा तास.

“माय, मी येऊन राहिले तिकडं.”

“येऊन काय करशील? बावीस माणसं हायेत तुह्यामागं, त्यातल्या निम्म्यांना खोलीचं दार उघडता येत न्हाई. दोन घंट्या मार अन् निघ.”

“अन् तू?”

“माह्या पिशवीत चिठ्ठी हाय ना, तूच लिहिलेली. गोळ्या हायेत, मतदानाचं कार्ड हाय. कंडक्टरची बायको हाय मी, गाडीत बसता येतं मला.”

चिठ्ठीवर माझा नंबर होता आणि बंदरावरच्या एजंटचा. एजंटला मी जिन्याशी उभी राहूनच फोन केला. तो भला माणूस, लगेच निघाला. मग मी वर चढले. भराभर चढले, कारण एका पायरीवर जरी थांबले असते तरी परत फिरले असते. वर बावीस माणसं कठड्याशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला उतरलो. बॅगा आणून माणसं मोजून बाहेर आलो, तर फाटकाशी वॉचमनच्या स्टुलावर माय बसलेली, हातात चहाचा ग्लास. एजंटनं तिला मुंबईच्या एसटीत बसवून दिलं होतं. तिनं कंडक्टरला तुमची सगळी नोकरी ऐकवली आणि त्यानं तिला पुढची सीट दिली. मला बघून म्हणाली, “किती येळ लावला? मी कवाची येऊन बसली.” बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून हिंगोलीत माझं नाव झालं. स्वतःच्या आईसाठी थांबली नाही, पण बाकीच्यांना सुखरूप आणलं, असं लोक एकमेकांना सांगतात आणि माझ्याकडं नावं नोंदवतात. प्रत्येक बैठकीत मी ही गोष्ट सांगते. माय चहा देता देता हसते आणि म्हणते, “मीच येंधळी, मलाच उशीर झाला.”

तिला उशीर झाला नव्हता, अण्णा. रस्त्यात गर्दी लागेल या धास्तीनं मीच गाडी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी सोडायला लावली. तिच्या सीटवर तिचा रुमाल होता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय, ती तिनं गोव्यापर्यंत नेली होती. मी दारात उभी राहून हाताचं बोट फिरवत मोजत गेले, रुमालापाशी आले आणि तोही एक माणूस धरला. मागं कुणाशी बोलत बसली असेल असं समजले. तेवीस झाले, चला. तुम्ही दारातून कधी मोजलं नाहीत. पुढून मागं जायचा, मागून पुढं यायचा, प्रत्येक सीटच्या दांड्यावर तिकिटाचा पंच टेकवत. तुम्ही मला डोळ्यांनी पाहून घंटी दिली होती, मी तिला न पाहता दिली. मायच्या हातात घड्याळ नाही. गाडी दिसली नाही म्हणजे आपलंच चुकलं, असं तिनं धरलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. माझ्या धंद्याला ते सोयीचं होतं.

उद्या हे बंद. बैठकीत मी पहिला नियम हाच सांगणार आहे, की नेणाऱ्यानं सीटपर्यंत चालत जाऊन तोंड बघून मोजायचं, आणि मी मोजलं नव्हतं. नावं कमी आली तरी चालेल. पण मायला हे परक्या माणसांबरोबर, हातात चहाचा ट्रे धरून कळावं, हे बरोबर नाही. म्हणजे आजच सांगायला हवं. ती आत शेंगा फोडत बसली आहे, मधूनमधून मला विचारते, काय लिहून राहिली एवढं. मी म्हणते, यादी. हा कागद तुमच्याकडं पोचणार नाही, आणि तिच्या हातात द्यावा तर तिला वाचता येत नाही. न सांगायला एवढं कारण मला दोन वर्षं पुरलं.