हर्षद का येतो

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५. सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे. चर्चच्या मागच्या खोलीत खुर्च्या पुसत होतो.

नवी वही. यात फक्त खरे लिहायचे.

तरुण संघाचा सचिव या नात्याने बत्तीस खुर्च्या पुसल्या. सभा पाचची. हजर: मी आणि मृणाली (कीबोर्ड). संघातला अल्पेश काशीदच्या किनाऱ्यावर बनाना राइडच्या कामाला आहे; त्याचा मेसेज आला की गर्दी आहे, सुटलो की येतो. अजून सुटलेला नाही.

पाळकसाहेबांनी आज स्पष्ट सांगितले. १६ नोव्हेंबरला हंगामाच्या सणात संघाचे दहा जण गायला उभे राहिले तर संघ राहील. नाहीतर खोलीची चावी महिला मंडळाला. त्यांना मसाल्याचे डबे ठेवायला जागा हवी आहे. मी म्हणालो, दहा कशाला, तीस उभे करतो. ते म्हणाले, जीवन, दहाच कर बाबा.

संकल्प: रोज पाच घरी भेट.

शनिवार, ११ ऑक्टोबर. रात्री ८.

आठवड्यात एकूण दोन घरे झाली. ऊन फार.

पण आज पाच पंचावन्नला बाहेर एक टेम्पो थांबला आणि त्यातून अल्पेश आणि सहा मुले उतरली. ओल्या बर्म्युडात. दोन खुर्च्या भिजल्या. मी आणि मृणाली धरून नऊ. माझ्या भेटींचा परिणाम दिसू लागला.

टेम्पो चालवणाराही आत येऊन मागे बसला. नाव हर्षद. शेजारच्या गावचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. आपल्यातला नाही. मग का आला? आजकाल कोणीही येऊन व्हिडिओ काढतो आणि भलतेच लिहून पसरवतो. हजेरीपटात त्याचे नाव घातले नाही. मागच्या पानावर 'निरीक्षण' असा मथळा करून तिथे घातले.

शनिवार, १८ ऑक्टोबर.

निरीक्षण.
१. 'जय ख्रिस्त' आपल्यापेक्षा मोठ्याने म्हणतो.
२. मोबाइल उलटा ठेवतो.
३. प्रार्थनेत पूर्ण वेळ डोळे मिटतो. (मी एक डोळा उघडा ठेवला होता.)
४. गीतांचे पुस्तक घरी नेऊ का, असे विचारले. पुरावा गोळा करत असावा. नाही म्हणालो.

मृणाली म्हणाली, हा धरला की दहा होतात, लिही की नाव. मी म्हणालो, नियम आहेत. ती म्हणाली, नियम तूच केलेस ना, मग तूच मोड.

शनिवार, २५ ऑक्टोबर.

दिवाळीचे पर्यटक अजून हटलेले नाहीत. मुले किनाऱ्यावर अडकली. हर्षद एकटाच आला, आणि तोही पाचच्या ठोक्याला. एकटाच का?

म्हणाला, दादा, सभा मंगळवारी ठेव. शनवार-रयवार पोरं गिऱ्हाईक सोडून कशी येतील, मंगळवारी बीच ओस हाय. संघाचा वारच बदलायचा, म्हणजे मुळावर घाव. आता वेगळाच संशय आहे: अलिबागकडच्या त्या मोठ्या फेलोशिप चर्चचा हा माणूस असावा. तिथे ड्रमसेट आहे आणि सभेनंतर बिर्याणी देतात. आपली मुले टेम्पोत भरून तिकडे न्यायची, असा बेत दिसतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.

त्याच्यासाठी प्रश्नपत्रक तयार केले. बावीस प्रश्न. शुद्धलेखन तीनदा तपासले. मृणालीला दाखवले. तिने ते वाचून घडी घालून परत दिले. मग म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी त्याचं ठरलेलं लग्न मोडलंय, रेवसपासून मुरुडपर्यंत जो तो त्याला विचारतो का मोडलं म्हणून, तू तरी सोड त्याला.

माहिती उपयुक्त. प्रश्न २३ वाढवला: लग्न मोडल्याचे कारण.

शनिवार, १ नोव्हेंबर.

हजर नऊ, अधिक तो. पत्रक सर्वांसमोर त्यालाच दिले, म्हणजे लपवाछपवी नको. तो पायरीवर बसून वीस मिनिटे वाचत होता. मुले गाणे सोडून त्याच्याकडे बघत होती. बावीस जागा कोऱ्या ठेवल्या. प्रश्न ७ (येण्याचा खरा हेतू) समोर एकच ओळ लिहिली:

इथं कोनी काय इचारत न्हाय म्हनून येत होतो.

एका ओळीत पाच चुका. लाल पेनाने दुरुस्त केल्या. 'येत होतो' बरोबर आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर.

टेम्पो आला नाही. मुलेही आली नाहीत. मृणालीला ताप. हजर: एक. सभा वेळेवर सुरू केली. उपदेश छान झाला.

संशय खरा ठरला. उघडा पडताच पळाला.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

हजर: एक. मृणालीला पुन्हा ताप. दर शनिवारी ताप येणे बरे नव्हे, रक्त तपासायला सांगणे.

उद्या सण. मुलांना मेसेज केले, सर्वांनी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ निश्चित नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी ३.

पाळकसाहेबांनी तरुण संघाचे नाव पुकारले. मृणाली कीबोर्डवर बसली. गायला मी एकटा उभा राहिलो. पहिली ओळ मी एकट्याने म्हटली, जरा वर लागली. मग मागच्या बाकांवरून मुले उठून येऊ लागली. अल्पेश, ती सहा, आणखी काही अनोळखी. शेवटी हर्षद. मला सोडून चौदा. सर्वांना दुसरे कडवे दोन आवाजांत पाठ होते. मला एकच आवाज येत होता, म्हणून मी ओठ हलवले.

मृणालीने नंतर सांगितले. मुले तिच्या ओटीवर दर मंगळवारी सरावाला बसतात. पाळकसाहेबही येतात. मला का सांगितले नाही, असे विचारले. म्हणाली, तू हजेरी घेतली असतीस.

तरीही दहाच्या जागी चौदा झाले. संकल्प माझाच होता.

मग लिलाव. लोकांनी सणाला वाहिलेले नारळ, कोंबड्या, तांदूळ पुकारायला महिला मंडळाच्या आवडामावशी. लाल भोपळ्यावर हर्षदने शंभर लावले. मला डाव दिसला. चर्चमधली वस्तू नेऊन तिचा फोटो टाकायचा असणार. मी दोनशे म्हणालो. तो तीनशे. असे करत मी एकोणीसशेवर गेलो. आवडामावशी म्हणाल्या, जीवन, बाबा, या भोपळ्यात सोनं हाय काय? हर्षद हसून खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भोपळा हर्षदच्याच परसातला निघाला. त्यानेच दिलेला. आपलीच वस्तू विकत घेऊन चर्चच्या मंडळीला परत द्यायची, हा आपला रिवाज त्याला मृणालीने शिकवला होता. मला कोणी आठवण करून दिली नाही, आणि मी भोपळा घरी आणला.

पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, संघ राहिला, देवाची कृपा. खोली मसाल्याला देऊ, पोरांना लागत नाही आता. हजेरीपट मृणालीकडे दे. मी म्हणालो, आणि मी? ते म्हणाले, तू ये की मंगळवारी, नुसता बस.

नुसते बसायला का बोलावत असावेत?

जमाखर्च.
पत्रकाच्या झेरॉक्स, ४० प्रती: १६० रुपये. (३९ शिल्लक.)
लाल पेन: १० रुपये.
भोपळा: १,९०० रुपये. पैकी रोख दिले ३००.
मंडळीचे देणे: १,६०० रुपये.
हर्षदचे देणे: मुलांना आणल्याचे तीन शनिवारचे डिझेल. तो खिशातून घालत होता, असे आज कळले. रक्कम माहीत नाही. त्याने मागितलेली नाही, आणि मला विचारायची हिंमत होत नाही.